‘विसळून घ्या, झालं!’ म्हणणाऱ्यांस

शहराच्या नावापासून नळाला पाणी येण्याच्या वेळेपर्यंत कशावरच दोघांचं पटत नाही, अशा आमच्या गावात एका बाबतीत मात्र विलक्षण एकमत आहे. कुणी माशांची किंवा कासवाची जुनी काचेची टाकी विकत घेतली, की उस्मानपुऱ्यातल्या पीर बाजारातला चहावाला, शेजारचे काका, टेम्पोतून टाकी उतरवणारा पोरगा, सगळे एकच मंत्र म्हणतात: “काचच तर आहे. विसळून घ्या, झालं!” थोडा जाणता असेल तो पुढे जोडतो, “एक झाकण फिनाइल टाका.” फारच जाणता असेल तो सांगतो, “दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवा.”

उन्हाळ्यात शासकीय तंत्रनिकेतनाच्या आसपासच्या खोल्या रिकाम्या होतात, बदली झालेली कुटुंबं सामान आवरतात, कासवाची हौस फिटलेली पोरं दहावीच्या क्लासला लागतात, आणि अशा टाक्या निम्म्या किमतीत या घरातून त्या घरात जातात. जुनी टाकी घेण्याला माझी अजिबात हरकत नाही. काच वर्षानुवर्षं टिकते आणि नवी घेण्याइतके पैसे सगळ्यांकडे नसतात. माझी हरकत आहे ती त्या ‘झालं!’ला. काय झालं? कशानं झालं? आणि झालं हे ठरवलं कुणी?

विरोधकांची बाजू आधी नीट मांडतो. ती अशी: काच गुळगुळीत, तिला काही चिकटत नाही. जे चिकटतं ते डोळ्यांना दिसतं, आणि दिसतं ते धुतलं की जातं. उरलंसुरलं फिनाइल मारतं, त्यातूनही वाचलं ते ऊन मारतं. शिवाय कासव हा चिखलातला प्राणी, त्याला कसले आलेत सोपस्कार? आणि सगळ्यात वजनदार मुद्दा: इतकी वर्षं सगळे असंच करत आलेत, कुणाचं काय बिघडलं? मत किती सरळ, किती सुटसुटीत! त्यातलं एकही वाक्य तपासाला टिकत नाही, एवढीच अडचण.

काचेला काही चिकटत नाही, हे घटकाभर मान्य करू. पण टाकी म्हणजे नुसती काच असते का? पाच काचा जिथे जुळतात तिथे सिलिकॉनची पट्टी असते. वर प्लास्टिकची चौकट, तिच्यावर जाळीचं झाकण. आत फिल्टरची नळी आणि स्पंज, तळाशी खडे, कोपऱ्यात लाकडाचा ओंडका. ओल्या जागेत जिवाणू एकेकटे बसत नाहीत. ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्याच्या आत वस्ती करून राहतात. फिल्टरच्या नळीत बोट घातल्यावर जी बुळबुळ हाताला लागते, ती हीच वस्ती. नुसत्या विसळण्यानं ती हलतसुद्धा नाही. टाकीत पूर्वी साप राहिलेला असेल तर आणखी एक भाडेकरू संभवतो: टाचणीच्या टोकाएवढे, सापाचं रक्त पिणारे माइट. त्यांची मादी अंडी सापाच्या अंगावर घालत नाही, आसपासच्या फटीत घालते. साप विकला गेला, टाकी विकली गेली, अंडी फटीतच. काच मात्र लख्ख!

त्यात आपल्याकडचं बोअरचं आणि टँकरचं पाणी जड. जिथपर्यंत टाकी भरलेली असते तिथे क्षारांची पांढरी कडा धरते. ती खडबडीत असते आणि तिच्या आडोशाला घाण टिकते. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं तिच्यावर अर्धा-एक तास चिकटवून ठेवलं की ती सुटते. इथे व्हिनेगरचं काम संपतं. पण आमचे काही ‘नैसर्गिक’वादी इथेच विजय साजरा करतात. व्हिनेगरनं पुसली म्हणजे निर्जंतुक झाली म्हणे! क्षार विरघळवणं हे एक काम आणि जंतू मारणं हे दुसरं. पहिलं काम उत्तम करणाऱ्याला दुसऱ्याचं प्रमाणपत्र का द्यायचं?

आता फिनाइल. या बाटलीवर आपली जी अढळ श्रद्धा आहे, तिच्या मागे मोठा इतिहास उभा आहे. १८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरनं जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरलं आणि शस्त्रक्रियेचं रूप पालटलं. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा पालिकेनं गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिकनं धुऊन काढली. पिढ्यान्‌पिढ्या तो उग्र वास दवाखान्यात, रेल्वे स्थानकात, सरकारी कचेरीत भेटत राहिला आणि आरोग्याची खूण होऊन बसला. वास आला की आपण निर्धास्त. पण तो वास पुरावा कशाचा? फिनाइल टाकल्याचा. जंतू मेल्याचा नव्हे.

आणि टाकीत फरशी राहत नाही हो, प्राणी राहतो! काळं फिनाइल डांबरातून निघणाऱ्या तेलांपासून बनतं, पांढऱ्यात पाइनचं तेल असतं, डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल फिनॉलच्याच कुळातलं. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य या सगळ्या कुळापासून त्यांना लांब ठेवायला सांगतात. ही रसायनं प्लास्टिकमध्ये आणि सांध्यांत रेंगाळतात. कासव त्याच पाण्यात पोहतं, तेच पितं, त्यातच खातं. साप क्षणाक्षणाला जीभ बाहेर काढून आसपासचे कण टाळूपाशी नेतो. तुमच्या घराला येणारा ‘स्वच्छ’ वास त्याच्या तोंडात जातो. जो प्राणी ओरडत नाही, भुंकत नाही, त्याला त्रास होतच नाही असं आपण परस्पर ठरवलं आहे काय?

वासाचीच गोष्ट निघाली आहे तर १८४७ सालच्या व्हिएन्नाला जाऊ. तिथल्या प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी थेट बाळंतिणींना तपासत आणि त्या बाया तापानं मरत. त्यानं सगळ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. हे द्रावण त्यानं निवडलं ते प्रेताचा वास घालवतं म्हणून. पण वास गेला म्हणून तो थांबला नाही, त्यानं मृत्यू मोजले. शंभरात दहाहून अधिक मरत होत्या, तिथे आकडा दोनाच्या आसपास आला. सहकाऱ्यांनी तरी त्याची टर उडवली. त्यांचे हात त्यांना स्वच्छच दिसत होते! पावणेदोनशे वर्षांनी आपण टाकीकडे बघून नेमकं तेच म्हणतो आहोत.

उन्हाचा मुद्दा आणखी मजेशीर. मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन, त्यात काय जगणार, असं छातीठोक सांगतात. सूर्याच्या किरणांतला सर्वांत घातक भाग, यूव्ही-सी, वातावरणातच अडतो, तो गच्चीपर्यंत येतच नाही. त्याच्या खालोखालचा यूव्ही-बी येतो, पण साधी काच तो जवळजवळ सगळा अडवते. (म्हणून तर काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात कासवाचं कवच नीट पोसत नाही.) म्हणजे टाकी उन्हात ठेवल्यावर काचेच्या आडोशाला, चौकटीखाली, सांध्यात बसलेल्या जंतूंना जे मिळतं ते बरंचसं गाळीव ऊन. वाळवण्यासाठी ऊन उत्तम आहे, आणि वाळवणं महत्त्वाचंही आहे. पण ते शेवटचं काम आहे. घासणं, जंतू मारणं आणि धुणं या पहिल्या तीन कामांच्या जागी त्याला बसवायचं हा आळस झाला, आणि त्याला ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणायचं हा वर निर्लज्जपणा.

मग जंतू मारायचे कशानं? साध्या ब्लीचनं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटनं. हे म्हटलं रे म्हटलं की दोन पक्ष उभे राहतात. पहिला ओरडतो, “ब्लीच? विष! प्राणी मरेल!” दुसरा अर्धी बाटली ओततो, कारण जितकं जास्त तितकं बरं. दोघांनाही मात्रा ही गोष्ट ठाऊक नाही. पहिल्या पक्षाला विचारावंसं वाटतं: नळाच्या पाण्यात पालिका काय घालते? क्लोरीनच ना? मात्रेत घालते म्हणून आपण पितो. दुसऱ्याला करोनाच्या दिवसांची आठवण करून द्यावीशी वाटते. तेव्हा गल्लोगल्ली हेच हायपोक्लोराइट फवारलं गेलं, धुळीवर, कचऱ्यावर, गटाराच्या कडेवर. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की रस्ते असे फवारण्यात अर्थ नाही, कारण घाण आणि माती जंतुनाशकाला निकामी करतात. टाकीचंही तेच. विष्ठा, शेवाळ, बुळबुळ तशीच ठेवून वर ब्लीच ओतणं म्हणजे न झाडलेल्या अंगणात रांगोळी काढणं. क्लोरीन त्या घाणीशीच झुंजून संपतं आणि जंतू खाली सुखरूप राहतात.

म्हणून क्रम. आधी खडे, लाकूड, स्पंज बाहेर. लाकूड, साल, नारळाचा भुसा, जुना स्पंज यांना छिद्रं असतात आणि त्यांच्या आत शिरलेलं काही बाहेर निघत नाही. ते सरळ फेकायचं, इथे काटकसर नको. खडे ठेवायचेच असतील तर उकळून घ्यायचे. टाकीत मात्र उकळतं पाणी ओतायचं नाही, काच तडकते. मग बिनवासाच्या साबणानं, नव्या घासणीनं घासायचं. सांध्यात जुना टूथब्रश चालवायचा, ब्लेड नाही, कारण सिलिकॉन कापलं गेलं तर टाकी गळते. साबण धुऊन काढायचा. मग सुमारे पाच टक्क्यांचं, सुगंध नसलेलं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग. आधीच्या प्राण्याबद्दल शंका असेल तर एकास दहा. बाटली नसून ब्लीचिंग पावडर असेल, तर तीस टक्के क्लोरीनवाल्या पावडरीचे साधारण १६ ग्रॅम एका लिटरला घातले की त्याच दुसऱ्या, कडक द्रावणाची ताकद येते. द्रावण त्याच दिवशी करायचं. गेल्या उन्हाळ्यापासून खिडकीत पडलेल्या बाटलीत नाव ब्लीचचं असतं, जोर फारसा उरलेला नसतो. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. फडकं फिरवून लगेच पुसलं तर काच चमकते, दुसरं काही होत नाही. नंतर भरपूर खळबळून धुवायचं, पूर्ण वाळवायचं, आणि पाणी भरताना मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन उतरवणारे थेंब घालायचे. क्लोरीनचा वास अजून येत असेल तर अजून धुवायचं आहे, एवढं नक्की समजा.

हे सगळं उघड्या जागी, हातमोजे घालून करायचं. आणि ‘डबल पॉवर’च्या हौसेनं ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्ल घालायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरही त्यात नको. काही काच पुसायच्या द्रवांत अमोनिया असतो, त्याच्याशी गाठ पडली तर क्लोरामाइनचे घातक वायू निघतात. बंद मोरीत हा प्रयोग करणाऱ्याला घाटी रुग्णालयात न्यावं लागेल, आणि तिथे ‘काचच तर होती’ हे कारण सांगताना तोंड लपवावं लागेल.

इथे गावातला हुकमी एक्का बाहेर येतो: “आमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं माहीत आहे ना? जायकवाडी धरण भरलं तरी आमचा नळ कोरडा. टाकीवर एवढं पाणी घालवायचं?” पाण्याच्या हालांची चेष्टा मी करणार नाही, मीही इथेच राहतो. पण हिशोब तर करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. द्रावणानं ती भरायची कुणी सांगितली? तीन लिटर द्रावणात फडकं बुडवून आतल्या बाजू दहा मिनिटं ओल्या ठेवता येतात. घासायला पाच लिटर, धुवायला थोडं-थोडं करून तीन-चार वेळा मिळून बारा. वीस लिटर, म्हणजे आंघोळीची एक मोठी बादली. ती वाचवायची आणि मग बुळबुळीनं पाणी चार दिवसांत गढूळ झालं म्हणून दर वेळी ५० लिटर ओतून द्यायचं, याला पाणीबचत म्हणतात का? आणि कृपा करून ही धुवाधुवी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या सिंकमध्ये नको. कोथिंबीर धुवायच्या जागी कासवाची विष्ठा कुणी धुतो?

हे का म्हणतो? कारण ‘आधीचं कासव ठणठणीत होतं’ हा सगळ्यात भाबडा युक्तिवाद आहे. कासवं, सरडे, साप यांच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू कुठलंही लक्षण न दाखवता राहतात. प्राणी ठणठणीत असतो, आजारी पडतं ते घरातलं पोर. अमेरिकेत हे इतकं घडलं की १९७५ साली चार इंचांहून कमी कवचाच्या कासवांच्या विक्रीवर केंद्रीय बंदी आली. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालत, हे त्यामागचं कारण. ‘मुलांना थोडे जंतू हवेतच’ म्हणणाऱ्यांनी साल्मोनेलाचा ताप, जुलाब आणि रक्तात उतरलेला संसर्ग पाहिला आहे का? पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई यांच्या वाट्याला तो जास्त कडक येतो. मातीत खेळणं वेगळं आणि अनोळखी प्राण्याच्या विष्ठेची टाकी हाताळणं वेगळं.

ब्लीचलाही मर्यादा आहे, आणि ती सांगायलाच हवी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच तो पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्याच्या वेगळ्या जाती सापांना आणि पालींना होतात. प्राणी खातो तरी वाळत जातो आणि मरतो. म्हणून टाकी घेताना भाव नंतर करा, आधी विचारा: आत कोण होतं, ते कुठे गेलं, मेलं तर कशानं मेलं? उत्तर ‘वाळून-वाळून गेलं’ असं आलं, किंवा विकणाऱ्यानं नजर चुकवली, तर ती टाकी फुकटही महाग आहे. तिच्यात पुस्तकं ठेवा, रोपं लावा, प्राणी ठेवू नका.

शेवटी, सगळे मुद्दे संपले की निघणारं वाक्य: “एवढं डोक्याला लावून घ्यायचं तर प्राणी पाळूच नये माणसानं!” अगदी बरोबर. या लेखात मला मान्य असलेलं विरोधकांचं हे एकमेव वाक्य. ज्याला एक बादली पाणी, अर्धा तास घासणं आणि दहा मिनिटं थांबणं जड जातं, त्यानं वर्षानुवर्षं जगणाऱ्या प्राण्याची जबाबदारी घेऊ नये. लक्ष्मी टिकावी म्हणून कासव आणायचं आणि त्याला दुसऱ्याच्या घाणीत बसवायचं, अशा घरी लक्ष्मी का म्हणून टिकेल? त्यातही कासव कुठलं? आपल्याकडचं तारा कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं. त्याची टाकी कितीही निर्जंतुक केली तरी गुन्हा धुतला जात नाही. बॉल पायथन, हिरवा इग्वाना यांसारख्या परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आणि लाल कानाचं परदेशी कासव नकोसं झालं म्हणून सलीम अली सरोवरात सोडणं हे पुण्य नव्हे. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

आता सांगा, ‘विसळून घ्या, झालं’मध्ये काय शिल्लक राहिलं? काचेला काही चिकटत नाही, हे चूक. फिनाइल सगळं मारतं, हेही चूक, वर घातक. ऊन निभावून नेतं, अर्धवट. पाणी परवडत नाही, हिशोब चुकला. आधीचा प्राणी ठीक होता, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. ‘कुणाचं काय बिघडलं?’ याचं उत्तर तर कुणी मोजलेलंच नाही. महिन्याभरात मेलेलं कासव आपण ‘नशीब’ म्हणून कुंडीत पुरतो आणि पोराचे जुलाब बाहेरच्या पाणीपुरीच्या माथी मारतो.

जंतू माणसाच्या समाधानासाठी मरत नाहीत. ते क्रमानं, मात्रेनं आणि वेळ दिल्यानं मरतात: आधी घासा, मग मोजून ब्लीच, मग दहा मिनिटं, मग धुणं, मग वाळवणं. वाळवण्याआधीची एकही पायरी वासानं, उन्हानं किंवा शेजारच्या काकांच्या अनुभवानं भरून निघत नाही. जुनी टाकी जरूर घ्या. पण ती दारात आल्यावर कुणी ‘विसळून घ्या, झालं’ म्हणालं, तर त्याच्या हातात घासणी द्या.